घरचा बर्गर, घरचे सॅलड आणि पाण्याचा हिशेब

घरी केलेला बर्गर मनासारखा झाला नाही की बहुतेक जण दोष मसाल्याला किंवा सॉसला देतात. माझे लक्ष आधी पाण्याकडे जाते. टिक्की तव्यावर मोडते, पाव खालून भिजतो, सॅलडच्या भांड्याच्या तळाशी पाणी साचते आणि पाने मलूल पडतात, या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा नको तिथे राहिलेले पाणी असते. आणि खाडीकाठच्या ठाण्यात, जिथे जुलै महिन्यात बरणीतले मीठसुद्धा ओलसर होते, तिथे तर याकडे अधिकच लक्ष द्यावे लागते.

सॅलडच्या बाबतीत हे ज्ञान आपल्या घरांत जुनेच आहे. खमंग काकडीत मीठ अगदी वाढायच्या वेळी घालायचे, असे माझ्या सासूबाई आजही बजावतात. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असते आणि मीठ ते पेशींतून बाहेर ओढते. म्हणून एक तर मीठ शेवटी घालावे, नाही तर अगदी आधी लावून, पंधरा मिनिटांनी काकडी घट्ट पिळून घ्यावी. बर्गरसोबतच्या सॅलडसाठी मी दुसरा मार्ग धरते, कारण पिळलेली काकडी ताटात बराच वेळ कुरकुरीत राहते, आणि तिचे खारट पाणी थालीपिठाच्या भाजणीत सहज खपते.

कोबी आणि लेट्यूस यांना मात्र उलट वागणूक लागते. जांभळी नाक्यावरून घरी येईपर्यंत उन्हाने कोमेजलेली पाने बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवली की पेशी पुन्हा पाणी शोषून घेतात आणि पान ताठ होते. पण त्यानंतर ते स्वच्छ सुती पंचात गुंडाळून पूर्ण कोरडे केलेच पाहिजे, कारण ओल्या पानावर तेल टिकत नाही आणि सारे ड्रेसिंग भांड्याच्या तळाशी जाते. भर पावसाळ्यात मी कच्ची पाने वापरतच नाही; त्या दिवसांत वाफवलेले मक्याचे दाणे, वाफवलेले मोडाचे मूग, गाजर आणि सिमला मिरची यांचे सॅलड मला अधिक निर्धोक वाटते आणि, खरे सांगायचे तर, अधिक रुचकरही.

ड्रेसिंगसाठी बाटली आणण्याची गरज नाही. आपण रायत्यासाठी मोहरी फेसतो, तशीच अर्धा चमचा मोहरी थोड्या पाण्यात फेसून घ्यावी आणि तिच्यात एक चमचा लिंबाचा रस, मीठ व किंचित गूळ घालून, तीन चमचे शेंगदाणा तेल थेंबाथेंबाने घोटत मिसळावे. मोहरीच्या सालातला चिकट अंश तेल आणि रस यांना काही काळ एकत्र धरून ठेवतो.

पावात मात्र पाणी हवे असते, फक्त ते पिठात बांधलेले असावे लागते. सहा पावांसाठी 300 ग्रॅम मैदा घ्यावा. त्यातला 20 ग्रॅम मैदा 100 मिली दुधात मंद आचेवर ढवळत खिरीसारखा दाट होईपर्यंत शिजवावा. साधारण 65 अंश सेल्सिअसला मैद्यातला स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो, आणि त्यामुळे पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ही खळ कोमट झाल्यावर उरलेला मैदा, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 20 ग्रॅम साखर, 5 ग्रॅम मीठ आणि साधारण 100 मिली कोमट दूध घालून पीठ मळावे आणि शेवटी 30 ग्रॅम लोणी मुरवावे. दूध एकदम ओतू नये. दमट हवेत मैद्याने आधीच ओल धरलेली असते, म्हणून पावसाळ्यात मी दोन चमचे दूध राखून ठेवते आणि हाताला पीठ कोरडे लागले तरच घालते. पीठ दुप्पट फुगायला मे महिन्यात पाऊण तास पुरतो, जानेवारीत त्याहून बराच अधिक वेळ लागतो. तेव्हा घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. गोळे वळून, पुन्हा फुगू देऊन, 190 अंशांवर 15 ते 18 मिनिटे भाजावे. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी जवळच्या बेकरीतला ताजा लादी पाव निःसंकोच वापरावा.

टिक्कीसाठी मी राजमा, बटाटा आणि बीट घेते. रात्रभर भिजवलेला राजमा कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा, कारण अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो. नंतर तो निथळून ताटात पसरून वाफ जाऊ द्यावी. बटाटे सालासकट उकडावेत, चिरून उकडले तर ते पाणी पितात. बीट किसून कढईत ओल आटेपर्यंत परतावे. यात मिरची, लसूण, भाजलेले जिरे आणि मिक्सरमधून कोरडे फिरवलेले पोहे घालावेत. पोहे उरलीसुरली ओल शोषून घेतात आणि तळताना ब्रेडच्या चुऱ्याइतके तेल ओढत नाहीत, असा माझा अनुभव आहे. थापलेल्या टिक्क्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या की स्टार्च घट्ट होतो आणि त्या उलटताना मोडत नाहीत. खिम्याची टिक्की करणाऱ्यांनी मीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणी वरून लावावे. आधी कालवले तर खिमा रबरासारखा आवळतो.

मेयोनेजच्या जागी चक्का वापरावा. दही फडक्यात टांगून घट्ट करावे, त्यात लसूण, मिरपूड आणि थोडी फेसलेली मोहरी घालावी. निथळलेले पाणी पुढच्या पावाच्या पिठात दुधाऐवजी चालते. पाव आडवा कापून आतली बाजू लोण्यावर खरपूस भाजावी, म्हणजे तिथे स्निग्धतेचा थर बसतो. खाली कोरडे पान, त्यावर टिक्की, मग चक्का, कांदा आणि सर्वांत वर बिया काढलेला टोमॅटो, असा क्रम ठेवावा, आणि बर्गर रचल्यावर लगेच वाढावा. उरलेल्या कच्च्या टिक्क्या मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात आणि लागतील तेव्हा न वितळवता, मंद आचेवर झाकण ठेवून भाजाव्यात.