जिरात बर्नडाऊन सपाट का दिसतो?

नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या छोट्या सॉफ्टवेअर टीममध्ये ही तक्रार हमखास ऐकू येते: जिरा या कामं नोंदवायच्या टूलमध्ये कामं उरकली, तरी बर्नडाऊनची, म्हणजे उरलेलं काम दाखवणाऱ्या आलेखाची, रेघ खाली येत नाही. कारण बहुतेक वेळा बोर्डाच्या (कामाचे टप्पे कॉलममध्ये दाखवणाऱ्या फलकाच्या) मांडणीत असतं. जिरा फक्त सगळ्यात उजव्या कॉलममधलं काम पूर्ण धरतं. 'डन'च्या उजवीकडे कुणी 'रिलीज्ड' कॉलम जोडला, की 'डन'मधली स्टोरी (बोर्डावरचं एक काम) अपूर्णच मोजली जाते. बोर्ड सेटिंग्जमध्ये जाऊन दोन्ही स्टेटस (कामाची स्थिती) त्या शेवटच्या कॉलमला जोडा.

स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) सब-टास्कला, म्हणजे स्टोरीच्या पोटकामाला, देऊ नका, ते बर्नडाऊनमध्ये धरले जात नाहीत. शिवाय स्टोरी 'डन' आणि तिचा सब-टास्क उघडा असेल, तर जिरा स्प्रिंट (ठरावीक दिवसांचा कामाचा टप्पा) बंदच करू देत नाही.

कपॅसिटी (टीमला किती काम झेपेल हा हिशेब) मात्र टूलवर सोडू नये. पाच जण, दहा दिवस, रोजचे खरे सहा तास: ३०० तास. त्यातून सुट्ट्या वजा करा. २०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या आठवड्यात पंचवटीतून ऑफिस गाठणं अवघड जाईल. तो स्प्रिंट आधीच हलका ठेवलेला बरा. स्प्रिंट सुरू झाल्यावर घुसवलेलं काम आलेखात रेघ वर उचलतं. ते लपवू नका, रिव्ह्यूमध्ये क्लायंटला तीच उडी दाखवा.