नमुना १९

ऑक्टोबरात जुन्या शाळेत सहज डोकावलो, तर क्लार्क नमुना १९ चा गठ्ठा पुढे घेऊन बसलेले. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची नोंदणी. ही यादी दर निवडणुकीला नव्याने करतात, मागच्या वेळचं नाव चालत नाही. म्हटलं, मलाही द्या एक. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, तुम्ही नाही बसत आता."

नियम मलाही माहीत होता, पण तो आपल्यालाच लागू होईल हे डोक्यात नव्हतं. मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं हवं, तेही माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना. (म्हणजे प्राथमिकच्या बाईंना हे मत मुळातच नाही. हे मला कधीच पटलेलं नाही.) मी मे २०१९ मध्ये निवृत्त झालो. चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि स्वतःच्या बाबतीतली वजाबाकी क्लार्कने करून दाखवली.

संध्याकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरताना हे सांगितलं, तर एक वकीलमित्र म्हणाला, "मत देता येत नसेल, पण उभा राहू शकतोस की!" आणि ते खरंच आहे. शिक्षक मतदारसंघाच्या उमेदवाराने शिक्षक असलंच पाहिजे असं नाही. वय तीस पूर्ण आणि राज्यातल्या विधानसभेच्या यादीत नाव, झालं. अनामत दहा हजार. तेव्हापासून मंडळी मला 'आमदार' म्हणायला लागली आहेत.

यावरून काका आठवला. तो फर्ग्युसनला ग. प्र. प्रधानांचा इंग्रजीचा विद्यार्थी. प्रधान मास्तर वीस वर्षं शिकवून राजकारणात गेले, पुणे पदवीधर मतदारसंघातून तीनदा निवडून आले, अठरा वर्षं परिषदेत होते, ऐंशीनंतर विरोधी पक्षनेतेही झाले. काका पदवीधरांच्या याद्या घेऊन नारायण पेठेतले जिने चढायचा. खर्च काय, तर चपलेचे तळवे. पुढे मास्तरांनी सदाशिव पेठेतलं राहतं घर 'साधना' साप्ताहिकाच्या ट्रस्टला दिलं आणि हडपसरला साने गुरुजी रुग्णालयाच्या आवारात जाऊन राहिले, तेव्हा काका म्हणाला होता, "बघ, आमदारकीत काय कमावलं ते."

निवडणुकीला उभं राहणं मला जमणार नाही, हे मला माहीत आहे. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे फिरायचे. प्रत्येक स्टाफरूममध्ये तेच प्रश्न: जुनी पेन्शन, शालार्थ आयडी (म्हणजे सरकारी पगारप्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक), शाळेच्या अनुदानाचा पुढचा टप्पा. सरकारी अनुदान कधीच न मिळणाऱ्या 'कायम विनाअनुदानित' शाळांच्या नावातला 'कायम' हा एक शब्द काढायला २००९ उजाडलं. शब्द गेला, पगार तेव्हाही लगेच आला नाही. या कामाला वक्तृत्व लागत नाही. मंत्रालयात एकाच फायलीमागे पन्नासदा जायची चिकाटी लागते, ती माझ्यात नाही. जिना चढतानाच माझा गुडघा बोलतो.

मतदान मात्र चुकल्यासारखं वाटणार. २०२० ची ती भलीमोठी कागदी मतपत्रिका अजून डोळ्यांपुढे आहे. तिथलाच जांभळा स्केचपेन घ्यायचा आणि नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा, १, २, ३. देवनागरी चालतो, रोमनही चालतो, पण 'एक' असा अक्षरी लिहिला की मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद. पोरांनी एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणारे आम्ही, आणि दर वेळी आमच्यातलेच कितीतरी बाद होतात! वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त मिळेपर्यंत तळाचा उमेदवार बाद करत जायचं, त्याची मतं पुढच्या पसंतीला वाटायची. नववीला शिकवण्याजोगं सुंदर उदाहरण आहे हे. मी ते एकदाही वर्गात वापरलं नाही, याची आता हळहळ वाटते.

त्या दिवशी शाळेतून निघताना क्लार्कने दुसरा कागद हातात ठेवला होता. नमुना १८, पदवीधरांचा. "इथे बसता, सर." पदवी १९८२ ची. प्रमाणपत्र माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे असं हिचं म्हणणं, आणि ट्रंकेवर दिवाळीचे आकाशकंदील रचलेले.