लेकराला गळा आहे का?

'सर, लेकराला गळा हाय का, बघा बरं.' परभणीत गाणं शिकवायला लागल्यापासून पहिल्या भेटीत हा प्रश्न ठरलेला. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. गळा बहुतेकांना असतो. फक्त लेकरू आपल्या आवाजात गात नसतं. कुणी टीव्हीवरच्या गायिकेचा श्वाससुद्धा उचललेला असतो. कीर्तनकाराच्या घरातलं पोरगं बापाच्या पट्टीत, मान ताणून, माइक नसलेल्या मंडपात उभं असल्यासारखं ओरडतं.

एक मुलगी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, शिकून आली होती. मुलगी म्हटली की काळी चार, असा कुणीतरी नियमच केलेला. तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा', आला की तिच्या भुवया वर, खांदे वर, आवाज चिरका. तिला गाऊ न देता नुसतं बोलायला लावलं: शाळा कुठली, घरी कोण कोण असतं. बोलण्याचा सूर बराच खाली होता. पेटीवर पांढरी चार, म्हणजे आधीपेक्षा खालची पट्टी, धरली आणि मंद्र पंचमापर्यंत, खालच्या 'प'पर्यंत, सावकाश उतरवलं. खाली आवाज असा भरून आला की तीच गायची थांबली. मोबाइलवर ऐकवलं तर म्हणे, हा माझा आवाजच नाही! साहजिक आहे. आपला आवाज आपण डोक्याच्या हाडांतूनही ऐकतो, म्हणून तो आतून जाड वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तेवढं येत नाही. वडील मात्र नाराज. 'पोरीची जात, खाली कशाला आणलं?' अशा वेळी मी खालच्या, भारदस्त आवाजाच्या गायिका गंगूबाई हनगल लावतो. पुढचं बोलणं आपोआप थांबतं.

मुलांचं वेगळं. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, जवळजवळ सप्तकभर खाली येतो. घरचे म्हणतात, गेला गळा, आणि पेटी कपाटावर जाते. खरं तर याच वर्षात शिकवणारा हवा. षड्ज खाली घ्यायचा, जोर लावू द्यायचा नाही, मधल्या स्वरांत हळू गाऊन घ्यायचं आणि थांबायचं. हे थांबणं यूट्यूबला जमत नाही. तिथं पोरगं कुठं अडलं ते ऐकायला कुणी नसतं.

गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना माझी ना नाही. राग, ताल पक्के होतात. पण सुरुवातीची प्रवेशिका झाली की वरच्या परीक्षेचं 'विशारद कधी?' सुरू होतं, आणि आवाजाचं काय, ते कुणी विचारत नाही.

मग गुरूची नक्कल? ती होणारच, सुरुवातीला व्हावीही. गायक नाथराव नेरळकर नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, पण ते गायचे ते नाथरावांचंच गाणं. आणि आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई बघा. नाममुद्रेत 'नामयाची दासी', गुरूचं नाव आधी. अभंगात मात्र दळण-कांडण, झाडलोट आणि विठ्ठलाशी हक्कानं भांडण. ते नामदेवांनी सांगितलेलं नाही, तिचं तिनं आणलं. नामदेवांच्या घरी तिला म्हणायला मोकळीक मिळाली असणार, एवढा माझा अंदाज.

तेव्हा घेऊन या लेकराला. पाठ केलेलं गाणं नको. तुम्ही बाहेर बसा, त्याला माझ्याशी बोलू द्या.