डोक्याचा एमआरआय आणि माझे चार महिने

रात्री अकराला डेक्सामेथासोनची गोळी, सकाळी आठला रक्त, चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये, मध्यरात्रीची लाळ. एवढ्यावर कुशिंग ठरलं, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार. कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हार्मोन, एसीटीएच, तेही वाढलेलं, म्हणजे गाठ बहुधा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत. इथवर सगळं पंधरा दिवसांत उरकलं.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, 'डायनॅमिक पिट्युटरी, काँट्रास्टसह'. काँट्रास्ट म्हणजे शिरेतून देतात ते औषध, फोटोत भाग उजळून दिसावा म्हणून. सेंटरच्या काउंटरवरच्या पोरानं पावती फाडली 'ब्रेन, प्लेन'ची, म्हणजे काँट्रास्टशिवाय. विचारलं तर म्हणाला, "डोकं ते डोकंच की वो ताई, त्यातच सगळं येतंय." रिपोर्ट नॉर्मल! घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले. चेहरा भाकरीसारखा वाटोळा, पोटावर जांभळे पट्टे, जिना चढताना गुडघ्यावर हात, आणि मी तो कागद जपून चार महिने डाएट करत बसले. ओळखीच्या डॉक्टरांनीही कागदाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

पुण्याच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टनी सीडी लावली आणि कपाळाला हात लावला. पाच मिलिमीटर जाडीचे काप, त्यात तीन-चार मिलिमीटरची गाठ शोधायची म्हणजे गव्हाच्या चाळणीत राजगिरा. काँट्रास्ट शिरेत गेल्यावर निरोगी ग्रंथी आधी उजळते, गाठ मागे राहते. तेवढ्या काही सेकंदांत फोटो घ्यावे लागतात. म्हणून पैसे भरण्याआधी पावती वाचा. मी वाचली नाही, तो राग स्वतःवरही आहे.

(क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर बऱ्याच ठिकाणी काँट्रास्ट देत नाहीत. आणि फिल्म नको, सीडीच मागा.)

नव्या एमआरआयमध्ये डावीकडे चार मिलिमीटरचा ठिपका दिसला. पण असा ठिपका धडधाकट दहातल्या एकाच्याही डोक्यात सापडू शकतो म्हणे! मग गाठ खरंच पिट्युटरीत आहे का हे ठरवायला आयपीएसएस ही तपासणी. जांघेच्या शिरांतून दोन बारीक नळ्या पिट्युटरीच्या दोन्ही बाजूंना नेतात आणि तिथलं व हातातलं रक्त एकाच वेळी काढतात. रक्ताच्या बाटल्या भरल्या की बर्फात, कारण एसीटीएच टिकत नाही. भूल फक्त जांघेपुरती होती. दुखलं कमी, कानाजवळ विचित्र आवाज मात्र आला. नंतर पाय सरळ ठेवून तासन् तास पडून राहणं जास्त छळलं.

डोक्याकडचं एसीटीएच हातातल्यापेक्षा निदान दुप्पट हवं, डेस्मोप्रेसिनच्या इंजेक्शननंतर तिप्पट. माझं आधीच नऊपट. गाठ पिट्युटरीतच! मी आनंदानं रडले, नर्सला वाटलं दुखतंय.

या तपासणीत बाजू मात्र उजवी निघाली, एमआरआयमध्ये ठिपका डावीकडे असून. सर्जन म्हणाले, बाजूवर मी फार विसंबत नाही, आत गेल्यावर सगळी ग्रंथी बघणार. नाकावाटे गेले. गाठ डावीकडेच होती.