शितावरून भात, पण शीत कुठलं?

4 डिसेंबर 2024 ला आमच्या झेडपी शाळेत परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, म्हणजे मुलांना काय येतंय ते तपासणारी देशभरची चाचणी, त्यासाठी माझा सहावीचा वर्ग निवडला गेला होता. आधी याला नॅस (राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण) म्हणायचे, 2021 ला तिसरी, पाचवी, आठवी, दहावीचं झालेलं, आता तिसरी, सहावी, नववी.

महिनाभर आधीपासून ग्रुपवर मेसेज सुरू, सराव चाचणी घ्या, फोटो टाका, लिंक भरा. इतका सराव घेतला की एक पोरगी म्हणाली, "सर, यात नापास झालं तर परत सहावीतच का?" तिला किती वेळा सांगितलं की बाई, तुझा मार्क कुणी बघणार नाही. खरंच नाही बघत. देशभरातून 74 हजारांवर शाळा आणि 21 लाखांवर मुलं निवडायची, त्यावरून 781 जिल्ह्यांत पोरांना काय येतंय त्याचा अंदाज बांधायचा, एवढंच ते आहे, शितावरून भाताची परीक्षा. वर्गात जास्त पोरं असली तर त्यातली तीसच घेतात. पण तेवढंच शीत वेगळ्या पातेल्यात शिजवून वर आणून ठेवलं तर भात कच्चा की शिजलेला हे कळणार कसं? मी पण घेतला सराव, खोटं कशाला बोलू.

असो. मला खरी खटकली ती तारीख. आम्ही बीडकडचे, दिवाळी झाली की इथली निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, टोळ्या उचलल्या की पोरंही बरोबर. माझा पट 23, त्या दिवशी हजर 17. चाचणी घ्यायला बाहेरून आलेल्या अन्वेषकाने वर्ग मोजला, 17 पेपर वाटले, तो बिचारा तरी काय करणार. उरलेली सहा पोरं तेव्हा कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत होती. वर्गात सगळ्यात कच्ची कोण, तर बहुतेक हीच, कारण दरवर्षी पाच महिने शाळाच नाही. असर सर्वेक्षणवाले 2005 पासून घरोघर जाऊन एकेका पोराला जवळ बसवून वाचायला लावतात, ते मला जास्त पटतं, पण घराला कुलूप असेल तर त्यांनाही ही पोरं सापडायची नाहीत.

2025 च्या जुलैमध्ये निकाल आला. देशात सहावीच्या 53 टक्के मुलांनाच दहापर्यंतचे पाढे नीट येतात म्हणे. स्टाफमध्ये सगळे म्हणाले फारच कमी, मला वाटलं खरा आकडा याहून खाली असेल.

तोवर माझी सहावी सातवीत गेली होती. त्या सहातला एक मार्चअखेरीला परत आला तेव्हा विचारलं, तिकडे काय करायचास रे? म्हणाला, मोळ्या मोजायचो. किती व्हायच्या दिवसाच्या? तर म्हणाला, "शंभरच्या पुढं पप्पा मोजायचे."