कर्ज फिटलं, पण घराचे कागद ४९ दिवसांनी मिळाले

गृहकर्जाचा शेवटचा हप्ता मी ११ मार्च २०२४ ला भरला. नो ड्यूज पत्र, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचं पत्र, चार दिवसांत हातात आलं. वाटलं, सुटलो. पण मूळ करारनामा, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू) आणि नोंदणीची पावती बँकेकडेच होती.

शाखेत गेलो की एकच उत्तर मिळे, "काका, फाईल सेंट्रल स्टोअरेजमधून मागवली आहे, पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात टेबलावर दुसराच माणूस असे. त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. सहा फेऱ्या झाल्या. एकदा तर मलाच विचारलं, "कागद जमा केल्याचा काही पुरावा आहे का?" एकोणीस वर्षं हप्ता एकदाही चुकवला नाही, आणि माझ्याच घराच्या कागदांसाठी पुरावा मी द्यायचा! त्या दिवशी घरी येऊन मी जेवलोसुद्धा नाही.

पुरावा होता. कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदांची यादी, शिक्क्यासह, बायकोने जपून ठेवली होती. ही यादी कधीही हरवू देऊ नका.

मग भाच्याने रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक दाखवलं. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, बोजाही (घरावरची बँकेच्या कर्जाची नोंद) तेवढ्यात उतरवायचा; कागद परत देण्याची वेळ १ डिसेंबर २०२३ ला किंवा त्यानंतर आलेल्या कर्जांना हे लागू. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर नक्कल काढून देण्याचा खर्चही बँकेचाच, मात्र त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

मुदत उलटल्यावर परिपत्रकाची तारीख घालून लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. तोंडी बोलण्यात मी महिना घालवला, तुम्ही घालवू नका. २९ एप्रिलला फाईल आली. सही करायच्या कागदावर तारखेची जागा कोरी होती. तारीख मी स्वतः घातली, तीही अक्षरी. ३० दिवसांच्या मुदतीवर झालेल्या १९ दिवसांचे ९५,००० रुपये त्या तारखेवरच अवलंबून होते.

भरपाईच्या अर्जाला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, म्हणून बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार केली. त्याला फी नाही, वकील लागत नाही. पैसे ऑगस्टमध्ये खात्यात जमा झाले.

राहिलंच: सोसायटीच्या भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) बँकेचा बोजा नोंदवलेला असेल, तर नो ड्यूजची प्रत देऊन सेक्रेटरींकडून तोही उतरवून घ्या.