तासाभराची कॅसेट, तासाभराची सीडी

ज्यांना घाई असते ना, त्यांनी सीडी रेकॉर्डरच्या नादाला लागूच नये. कॉम्प्युटरमधला रायटर नव्हे हं, तो वेगळा, त्यात डिस्क टाकली बटण दाबलं की पाच-दहा मिनिटांत काम संपतं. मी म्हणतेय तो टेपडेकसारखा दिसणारा, स्टिरिओच्या रॅकमध्ये बसणारा, पुढे ट्रे, लेव्हलचं बटण आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा असलेला डबा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिका-युरोपात हे घरगुती वापरासाठी मिळायला लागले, आपल्याकडे दुकानात क्वचितच दिसायचे, आले ते बहुतेक कुणाच्या तरी सामानातून. आमच्याकडे भाऊजींनी अमेरिकेतलं बिऱ्हाड आवरलं तेव्हा आला, आणि तिकडचं मशीन म्हणजे ११० व्होल्ट, त्यामुळे पहिली खरेदी झाली ती ट्रान्सफॉर्मरची. तो रॅकच्या मागे सतत गुणगुणत असतो, म्हणून ऑडिओच्या वायरी त्याच्यापासून लांबून न्याव्या लागतात, नाहीतर तीच गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

आता याचा आमच्या घरात उपयोग काय, तर मामंजींच्या कॅसेटी. त्यांना कीर्तनाचं वेड, गावच्या रामनवमीच्या उत्सवात पुढच्या रांगेत मोनो टेपरेकॉर्डर मांडून बसायचे. ट्रंकभर कॅसेटी आहेत. त्या एकेक करून सीडीवर घ्यायच्या, आणि हे मशीन कॅसेटवरून घेताना एकास एक चालतं, तासाभराची कॅसेट असेल तर तासभर बसा, पुढे पळवता येत नाही की मध्येच उठून भाजी आणायला जाता येत नाही. म्हणजे जाता येतं, पण कॅसेट मध्येच गुंडाळली गेली तर बघायला कुणीतरी हवं ना.

खरी गंमत मिनिटांच्या हिशोबात आहे. मामंजींच्या कॅसेटी नव्वद मिनिटांच्या, एका बाजूला ४५ मिनिटं, आणि सीडीत मावतात ७४ किंवा फार तर ८० मिनिटं. तोडायचं कुठे? गाण्यांची कॅसेट असती तर कुठेही तोडली असती, पण बुवा ऐन रंगात असताना डिस्क संपली तर ऐकणारा शिव्या देईल. शेवटी तोड कीर्तनातच सापडली. पूर्वरंग संपतो, बुवांना हार-बुक्का होतो, नामाचा गजर होतो, मग उत्तररंगाचं आख्यान सुरू होतं, तिथेच डिस्क बदलायची. एका कीर्तनाला दोन डिस्क जातात, जाऊ देत. कॅसेटची बाजू पलटताना मामंजींच्या हातून जी दोन-तीन वाक्यं निसटली ती मात्र गेलीच, द्रौपदी श्रीकृष्णाला हाक मारते आणि खट्ट, पुढच्या बाजूला वस्त्रं पुरवून झालेली असतात.

रेकॉर्डिंगला बसायच्या आधी मी डेकचं हेड आणि रबरी रोलर स्पिरिटचा कापूस फिरवून पुसते, वाळू देते, कारण जुन्या टेपची तपकिरी भुकटी तिथे जमते आणि मग आवाज दबलेला येतो. मग लेव्हल. कॅसेटवर रेकॉर्ड करताना काटा लालमध्ये थोडा गेला तरी चालायचं, टेप ते पोटात घालायची. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे शेवटची हद्द, त्यावर गेलं की कडकड आवाज येतो आणि तो नंतर निघत नाही. त्यामुळे आधी कॅसेटमधली सगळ्यात जोराची जागा शोधायची (आमच्याकडे ती हमखास ‘पुंडलिक वरदे’ची असते, सगळा मांडव ओरडतो), तिथे लेव्हल शून्याच्या बऱ्यापैकी खाली लावायची आणि परत मागे येऊन सुरुवात करायची.

ऑटो ट्रॅक नावाची एक सोय आहे, ती मी बंदच ठेवते. मशीनला काही सेकंद शांतता ऐकू आली की ते समजतं गाणं संपलं आणि नवीन ट्रॅक नंबर टाकतं. गाण्यांच्या कॅसेटला ठीक आहे हो, पण बुवांनी एखादा ठेवणीतला पॉज घेतला, पाण्याचा घोट घेतला, की झाला नवीन ट्रॅक, आणि सीडीवर ट्रॅक ९९च बसतात. उलट काही कॅसेटींची खरखर इतकी की मशीनला शांतता ऐकूच येत नाही, सगळं कीर्तन मिळून एकच ट्रॅक. त्यापेक्षा रिमोट हातात घेऊन आपणच अभंग सुरू झाला की बटण दाबावं. म्हणून तर लक्ष देऊन ऐकावं लागतं, आणि मला त्यातच मजा येते. मागे कुत्रं भुंकतं, कुणीतरी ‘अरे बॅटरी आण, बॅटरी’ म्हणतं, लांबून एसटी हॉर्न देत जाते, हे सगळं माझ्या आता ओळखीचं झालंय.

पुतण्या म्हणतो काकू, सॉफ्टवेअरने खरखर साफ करून देतो. दिली एकदा करून. खरखर गेली खरी पण बुवा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे वाटायला लागले. नको म्हटलं बाबा.

कोऱ्या डिस्कची कथा वेगळीच. या मशीनला कॉम्प्युटरची साधी सीडी-आर चालत नाही, ‘डिजिटल ऑडिओ’ असं छापलेली म्युझिक सीडीच लागते. अमेरिकेत १९९२ साली कायदा झाला, घरी डिजिटल मशीनवर गाणी कॉपी करायची तर कोऱ्या माध्यमावर ३ टक्के आणि मशीनवर २ टक्के रॉयल्टी. म्हणून म्युझिक डिस्कच्या खाचेतच कारखान्यात एक कोड घातलेला असतो आणि तो दिसला नाही की मशीन डिस्क बाहेर ढकलतं. शिवाय डिजिटल वायरने केलेल्या कॉपीची पुन्हा डिजिटल कॉपी करू देत नाही. आम्ही अमेरिकन कायदा पाळतो पुण्याच्या टापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, डिस्क शोधत फिरून. तिथे साध्या सीडीची चळत समोरच असायची, म्युझिक सीडी म्हटलं की दुकानदार गाण्यांची सीडी काढून दाखवायचा. आता तर साधीही विचारून घ्यावी लागते. जिथे मिळेल तिथून गठ्ठा उचलायचा.

रेकॉर्डिंग झालं तरी डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लागत नाही, ती आधी फायनलाइझ करावी लागते. म्हणजे मशीन डिस्कच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका लिहितं, काही मिनिटं लागतात, आणि त्या काही मिनिटांत लाईट गेली तर डिस्क गेलीच समजा. पुण्यात गुरुवारी लाईट जायची पद्धत असल्याने गुरुवारी आम्ही रेकॉर्डिंगचं नावच काढत नाही.

देखभाल म्हणाल तर सगळ्यात आधी ते क्रोशाचं कव्हर काढा. आपल्याकडे टीव्ही, मिक्सर, फ्रिजचं हँडल सगळ्यांना कपडे घालायची हौस, माझ्या जाऊबाईंनी रेकॉर्डरलाही गुलाबी झालर विणली होती, पण वरच्या फटींतून गरम हवा बाहेर जायला नको का. अँप्लिफायरच्या डोक्यावर पण ठेवू नये, तो तापतो. देवघरापासून आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा चिकट वास भिंगावर जाऊन बसतो आणि मग मशीन डिस्क ओळखायलाच नकार देतं. ब्रशवाली क्लिनिंग सीडी मी वापरत नाही, आमच्या मॅन्युअलमध्येच नको लिहिलंय. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलं तर तासभर तसंच राहू द्यावं, भिंगावर दव धरतं.

डिस्कची काळजी लोक उलटी घेतात. खालची चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने खरडतात. खाली १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक असतं, हलका ओरखडा निभावतो. रेकॉर्डिंगचा थर आणि धातूचा पापुद्रा लेबलच्या अगदी खाली, वर फक्त लाखेचा हात मारलेला, तिथे नख लागलं तरी कीर्तनाला भोक. म्हणून मऊ टोकाचा मार्कर. कागदी स्टिकर नको, पावसाळ्यात सुटतो आणि सुटताना पापुद्रा घेऊन सुटतो. पुसायचं तर मधून कडेकडे, गोल गोल नाही. आणि उन्हात नको, आतला रंग उडतो. (बाल्कनीत कबुतरांसाठी टांगायच्या त्या वेगळ्या काढाव्यात हे आमच्या घरात स्पष्ट सांगावं लागलंय.) एवढं करून डिस्क कायम टिकेल असं काही नाही, त्यामुळे प्रत्येकीची एक कॉपी कॉम्प्युटरवर ठेवते. आणि ऐकायला रेकॉर्डर वापरत नाही, त्याचं लेझर झिजवायचं कशाला, ऐकायला जुना डीव्हीडी प्लेअर पुरतो.

सध्या अडलंय ते नावावर. एका कॅसेटवर मामंजींनी फक्त ‘बुवा, उत्तम’ एवढंच लिहिलंय. भाऊजी म्हणतात सांगलीचे, जाऊबाई म्हणतात छे, हे मिरजेचे, त्यांचा ‘हरी’ असाच लांब यायचा. दोघांनी दोनदा ऐकलं, भांडण आहे तिथेच. मी आपलं मार्करने ‘बुवा, बहुतेक मिरजेचे’ लिहून डिस्क फायनलाइझ करून टाकली.